दिवस-रात्रीचा करार



उज्जैनला पाहुणे आले की त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. आधी महाकाल, मग हरसिद्धी, कालभैरव, सांदीपनी आश्रम, संध्याकाळी रामघाटावरची आरती आणि परतताना बायजाबाई शिंद्यांचे गोपाळ मंदिर. यातून वेळ उरला तर वेधशाळा. बहुधा तो उरत नाही. वेळ मोजण्यासाठी बांधलेली जागा नेमकी वेळ नाही म्हणून राहून जाते, याची मला गंमत वाटते.

डिसेंबरच्या अंकासाठी निसर्ग आणि श्रद्धा या विषयावर काहीतरी लिहा, असे संपादकांनी सुचवले, तेव्हा मला डोंगर, समुद्र, जंगल यातले काही आठवले नाही. आठवली ती चिंतामण रस्त्यावरची, क्षिप्रेच्या काठची ही वेधशाळा.

मी ख्रिस्ती आहे, हे आपल्या समाजातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. गणेशोत्सवातल्या नाटकाला साऊंडच्या टेबलामागे बसतो, तोच मी. आमचे घराणे मूळचे नगरचे. चर्चमध्ये उपासना हिंदीत, घरी प्रार्थना मराठीत, ऑफिसच्या मीटिंगा इंग्रजीत, असा आमचा कारभार. आज जे लिहितो आहे ते ख्रिस्ती माणसाच्या नजरेतून आहे. पण ज्या सूर्याबद्दल लिहितो आहे तो आपल्या सगळ्यांचा आहे, म्हणून संकोच वाटत नाही.

वेधशाळा जयपूरच्या सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधली. दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा त्यांच्या पाच वेधशाळा. मथुरेची आता उरलेली नाही. आपली उज्जैनचीही मधल्या काळात मोडकळीला आली होती. १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करवली आणि ती पुन्हा चालती झाली. त्यामागे पंडित नारायणजी व्यास आणि आपले मराठी ज्योतिर्विद गोविंद सदाशिव आपटे यांची धडपड होती. आपटे हे तिचे पहिले अधीक्षक. तेव्हापासून तिचे काम सुरू आहे, म्हणजे शंभर वर्षे होऊन गेली.

तिथे सगळ्यात ठळक दिसते ते सम्राट यंत्र. नाव भारदस्त असले तरी ते म्हणजे एक जिना आहे, कुठेच न पोहोचणारा. त्याच्या भिंतीची तिरपी कड जमिनीशी २३ अंश ११ कलांचा कोन करते, म्हणजे उज्जैनच्या अक्षांशाएवढा. त्यामुळे ती पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहते आणि तिचे वरचे टोक ध्रुवाकडे रोखलेले असते. सकाळी या भिंतीची सावली पश्चिमेच्या कमानीवर पडते, दुपारनंतर पूर्वेच्या. कमानीवर तास-मिनिटांच्या खुणा आहेत. सावली जिथे असेल तिथली वेळ वाचायची. ना बॅटरी, ना चावी, ना इंटरनेट.

पण ती वेळ आपल्या मोबाइलशी जुळत नाही! पाहुणे लगेच म्हणतात, ‘‘अहो, हे तर मागे आहे.’’ ते बिघडलेले नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे, उज्जैन आहे ७५.७ च्या जवळपास. त्यामुळे इथला सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे असतो. तेवढेच असते तर सोपे होते. पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, म्हणून सूर्य कधी थोडा पुढे असतो, कधी मागे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला उज्जैनची खरी दुपार घड्याळात बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास होते, तर फेब्रुवारीच्या मध्याला बारा वाजून एक्केचाळीसच्या आसपास. अर्ध्या तासाचा फरक!

एखादा सहकारी रोज असा वेगवेगळ्या वेळी ऑफिसात आला, तर आपण त्याला बेभरवशाचा म्हणू. पण सूर्याचे हे मागेपुढे होणेसुद्धा ठरलेले आहे. दर वर्षी त्याच तारखांना, जवळजवळ तेवढ्याच मिनिटांनी. इतके ठरलेले, की त्याचे कोष्टक करून यंत्राजवळ लावता येते. एका दिवसाकडे पाहिले तर अनियमित वाटते, वर्षभर पाहिले तर शिस्त दिसते. हे पहिल्यांदा नीट समजले तेव्हा मी बराच वेळ त्या कोष्टकापुढे उभा होतो.

आता जरा माझ्या धंद्याबद्दल. मी ज्या सिस्टिमवर काम करतो, तिचे ग्राहक परदेशात आहेत. त्यांच्याशी आमचा लेखी करार आहे की सिस्टिम ९९.९९ टक्के वेळ चालू राहील. ऐकायला भक्कम वाटते. हिशेब केला तर वर्षाला सुमारे ५३ मिनिटे बंद पडायची मुभा. तेवढ्यासाठी दोन-दोन डेटा सेंटर, बॅकअप, आणि रात्री-अपरात्री फोन वाजला की उठून बसणारी आमच्यासारखी माणसे. एवढे करूनही कधीतरी ती ५३ मिनिटे संपतात आणि मग ग्राहकाला सविस्तर माफीपत्र जाते.

‘करार’ हा शब्द माझ्यासाठी ऑफिसातला आहे आणि घरातलाही. मराठी बायबलचे दोन भाग म्हणजे जुना करार आणि नवा करार. देवाने माणसाला दिलेल्या शब्दासाठी मराठीत हाच शब्द रूढ झाला. उत्पत्तीच्या पुस्तकात महापुरानंतर देव मनाशी म्हणतो, की पृथ्वी आहे तोवर पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन, दिवस आणि रात्र थांबायची नाहीत. पुढे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात याहून धीट बोलणे आहे. दिवसाशी आणि रात्रीशी केलेला माझा करार तुम्हाला मोडता आला, तरच दाविदाशी केलेला माझा करार मोडेल, अशा अर्थाचे. हे शब्द यिर्मयाला मिळाले तेव्हा तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता आणि बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता. शहर पडणार हे त्याला कळून चुकले होते. हाती दाखवण्यासारखा पुरावा एकच उरला होता. त्या चौकात दिवस उगवत होता आणि रात्र पडत होती.

या ओळी मी लहानपणापासून ऐकत आलो. पण त्यांचा आधार घ्यायची वेळ गेल्या दोन वर्षांत आली.

माझे बाबा भूगोलाचे शिक्षक होते. दर वर्षी सातवीच्या मुलांची रांग घेऊन ते वेधशाळेत जायचे. आता त्यांना स्मृतिभ्रंश झाला आहे. आधी नावे गेली, मग रस्ते, आणि गेल्या पावसाळ्यापासून दिवस-रात्रीचा फरकही गेला. संध्याकाळी सावल्या लांबल्या की त्यांची चुळबुळ सुरू होते. या आजारात असे होते, हे डॉक्टरांनी सांगितले आहे. रात्री दोनला मी लॅपटॉपपुढे असतो, तेव्हा ते दारात येऊन उभे राहतात.

‘‘उजाडलं का रे?’’

‘‘नाही बाबा, अजून अवकाश आहे. झोपा तुम्ही.’’

‘‘उजाडेल ना?’’

‘‘उजाडेल.’’

दहा मिनिटांनी पुन्हा तेच. डिसेंबरात रात्र सव्वातेरा तासांची असते. तेवढ्या वेळात हे संभाषण किती वेळा होते, ते मी मोजणे सोडून दिले आहे. आईला विश्रांती मिळावी म्हणून रात्रीची पाळी मी घेतली आहे आणि सकाळची माझ्या बायकोने. घरोघरी अशी आजारपणे आहेत, आपल्यापैकी अनेक जण यातून गेले आहेत. त्यामुळे थकव्याबद्दल वेगळे सांगत नाही.

मला त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. बाबा रोज पहाटे प्रार्थना करणारे. चाळीस वर्षांत त्यांचा नेम चुकलेला मी पाहिला नाही. आता त्यांना ‘प्रभूची प्रार्थना’ मध्येच विसरायला होते आणि ते गोंधळून माझ्याकडे बघतात. ज्या देवावर त्यांनी आयुष्यभर भरवसा ठेवला, त्याचे नावही एक दिवस त्यांना आठवणार नाही, ही भीती माझ्या मनात बसली होती. मग त्यांच्यात आणि देवात उरले काय? दोघांपैकी एकाला करारच आठवत नसेल, तर तो करार टिकतो का?

ऑफिसातल्या करारापुरते उत्तर ‘नाही’ असे आहे. तिथे दोन्ही बाजूंनी अटी पाळाव्या लागतात. पण सूर्याचे तसे नाही. बाबांना आता सकाळ ओळखता येत नाही, तरी सकाळ त्यांच्याकडे येतेच. ते विचारतात म्हणून उजाडत नाही, आणि विचारायचे विसरले म्हणून अंधार राहत नाही. पूर्वेच्या खिडकीतून ऊन त्यांच्या पलंगावर येते, आदल्या दिवशी यायचे तिथेच, एखाद्या बोटाच्या फरकाने. त्यांची बाजू रिकामी झाली तरी दुसऱ्या बाजूने शब्द पाळला जातो आहे. यशयाच्या पुस्तकात देव विचारतो, आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल का? आणि स्वतःच म्हणतो, एखादी विसरेलही, पण मी तुला विसरणार नाही. आठवण ठेवण्याचे काम शेवटी कुणाचे आहे, याचे उत्तर मला तिथे मिळाले. ते बाबांचे नाही.

इथे तुमच्यापैकी कुणी म्हणेल, सूर्य उगवतो तो पृथ्वी फिरते म्हणून, त्यात देवाचा विश्वासूपणा कुठून आला? रास्त प्रश्न आहे. मी बी.ई. झालेला माणूस आहे, पृथ्वी फिरते हे मलाही मान्य आहे! माझा मुद्दा एवढाच, की नियम सापडला म्हणून नियम पाळणारा नाहीसा होत नाही. जयसिंहांना खगोलाची इतकी ओढ होती, की त्यांनी मॅन्युअल द फिगेरेदो या जेझुइट पाद्रींना पोर्तुगालला पाठवून युरोपातली कोष्टके मागवली. ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली, तेव्हा चंद्राच्या जागेत फरक निघाला. पुढे १७३४ मध्ये चंदननगरहून दोन फ्रेंच जेझुइट पाद्री वेध घेत घेत जयपूरला गेले. हिंदू राजा आणि ख्रिस्ती पाद्री एकाच आकाशाखाली बसून एकाच चंद्राचा हिशेब करत होते. दोघांचीही श्रद्धा आणि गणित एकमेकांच्या आड आले नाही.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. निसर्ग नेहमी दयाळू असतो का? नसतो. उज्जैनकरांना हे सांगायला नको. ५ मे २०१६ ला सिंहस्थात वादळी पाऊस आला, मंडप कोसळले, भाविक मृत्युमुखी पडले. उन्हाळ्यात क्षिप्रा इतकी आटायची, की २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी पाइपातून आणून तिच्यात सोडावे लागले. आणि बाबांच्या मेंदूत जे चालले आहे, तेही निसर्गातच मोडते. म्हणून ‘निसर्ग सुंदर आहे, तेव्हा देव चांगला आहे’ एवढ्यावर माझे भागत नाही.

बायबलचेही भागत नाही. देवाची करुणा रोज सकाळी नवी असते आणि त्याचा विश्वासूपणा मोठा आहे, हे जे वचन आम्ही ख्रिस्ती लोक भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापतो, ते कुठल्या हिरव्या कुरणात लिहिलेले नाही. ते आहे विलापगीत नावाच्या पुस्तकात. यरुशलेम पडले, मंदिर जळले, लोक उपाशी मेले, त्यानंतरचा हा आक्रोश. एकूण पाच अध्याय, आणि हे वचन आहे मधल्या तिसऱ्या अध्यायात, दोन्ही बाजूंनी दुःखाने वेढलेले. ते म्हणून झाल्यावर कवीचे रडणे थांबत नाही, तो पुन्हा विलाप करू लागतो. मला हे फार खरे वाटते. सकाळ झाली म्हणून राखेचे घर होत नाही. पण राखेवरही सकाळ होते, आणि त्या माणसाने ती पाहिली.

याच वचनावरून एक इंग्रजी स्तोत्र झाले, जे आज जगभरच्या चर्चमध्ये गायले जाते. लिहिणारे अमेरिकेतले थॉमस चिझम. प्रकृती बेताची, उपजीविकेसाठी विम्याचे काम. त्या गीतामागे काही मोठी घटना नव्हती, रोजच्या जगण्यात देव पुरला एवढ्यावरच ते लिहिले गेले. त्यात ऋतू आहेत, सूर्य-चंद्र-तारे आहेत. लिहिल्याचे साल १९२३. म्हणजे उज्जैनला वेधशाळेची डागडुजी झाली, तेच वर्ष. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. मला आपली ती जुळणी आवडते. एकीकडे सावलीची रेघ पुन्हा बिनचूक बसवणे चालले होते, आणि दुसरीकडे एक साधा माणूस त्याच बिनचूकपणाचे गाणे लिहीत होता.

मराठीत हे काम रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी करून ठेवले आहे. शाळेत आपण सगळ्यांनी त्यांच्या कविता वाचल्या आहेत, त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणतात हेही पाठ केले आहे. रानातल्या फुलाकडे थांबून बघणारा हा कवी १८९५ साली ख्रिस्ती झाला आणि त्याने ख्रिस्तभक्ती अभंगाच्या चालीत आणली. मराठी चर्चच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांची पुष्कळ गीते आहेत. रानफुलांकडे पाहा, ती कष्ट करत नाहीत, तरी त्यांना कोण नेसवतो, असे येशूने डोंगरावरच्या प्रवचनात शिष्यांना विचारले होते. टिळकांच्या घरी तो प्रश्न पाहुणा वाटला नसेल.

बाबांना हल्ली माझे नाव आठवत नाही. परवा आईने टिळकांचे एक गीत गुणगुणायला सुरुवात केली, तर त्यांनी पुढची कडवी न अडखळता म्हटली. मग मला विचारले, ‘‘तुम्ही कोण?’’ मी नाव सांगितले. ‘‘बरं झालं आलात,’’ म्हणाले.

याच प्रवचनातले आणखी एक वाक्य मला वेधशाळेत नेहमी आठवते. देव आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो, असे येशू सांगतो. सम्राट यंत्राची सावली पाहणाऱ्याची जात, धर्म, गाव विचारत नाही. ज्याला विज्ञान हवे त्याला ती वेळ सांगते, ज्याला पंचांग हवे त्याला पंचांग देते, आणि ज्याला धीर हवा त्याला मिळाला तर तोही. विश्वासूपणा म्हणजे आपल्याच बाजूने झुकणारा देव नव्हे, हे मला त्या दगडी कमानीपाशी जास्त कळते.

आता एक सुचवणी. वेधशाळेत शंकू यंत्र आहे. गोल ओट्याच्या मधोमध एक उभा शंकू, आणि ओट्यावर त्याच्या सावलीचा मार्ग दाखवणाऱ्या रेघा. आपण कर्कवृत्ताच्या अगदी कडेला राहतो, म्हणून २१ जूनला भर दुपारी ही सावली जवळजवळ नाहीशी होते. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असतात तेव्हा ती सरळ रेघेत चालते. २२ डिसेंबरला ती सर्वांत लांब. त्या दिवशी उज्जैनचा दिवस जेमतेम पावणेअकरा तासांचा. शेजारीच नाडीवलय यंत्र आहे. सध्या त्याच्या दक्षिणेकडच्या तबकडीवर ऊन असेल. मार्चमध्ये सूर्य बाजू बदलेल आणि पुढचे सहा महिने उत्तरेकडची तबकडी उजळेल.

या २२ तारखेला दुपारी मुलांना घेऊन तिथे जा. मोबाइलची वेळ आणि सावलीची वेळ लिहून घ्या, कोष्टकातली मिनिटे मिळवून दोन्हींचा मेळ बसतो का ते मुलांना पाहू द्या. बसेल. शंकूची सावली कुठवर पोहोचते, तेही दाखवा. दुसऱ्या दिवसापासून ती आखडू लागते. इतकी हळू, की आठवडाभर डोळ्यांना फरक कळत नाही, पण आखडते.

त्यानंतर तीन दिवसांनी नाताळ. आमच्याकडे करंज्या आणि शंकरपाळे असतील, नेहमीप्रमाणे या. बाबा दारात भेटले आणि त्यांनी उजाडलं का विचारले, तर हो म्हणा. त्यांना बरे वाटते.